जगातल्या जेलची गर्दी फरशीवर आखताना : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५

वाचनालयाच्या हॉलमध्ये फेब्रुवारीत प्रदर्शन लावायचं नक्की झालं, विषय जगभरातल्या जेलमधली गर्दी. टीम म्हणजे मी, लॉच्या शेवटच्या वर्षाच्या दोघी आणि भूगोलाचे रिटायर्ड सर. बजेट आठ हजार, त्यात हॉलचं भाडं नाही कारण वाचनालय फुकट देतंय. नोंदी अशासाठी ठेवतोय की मराठीत असं काही कुणी केलेलं आम्हाला सापडलं नाही, पुढे कुठल्या कॉलेजला किंवा वाचनालयाला करावंसं वाटलं तर निदान आमचे फेरे त्यांना पडू नयेत.

पहिला प्लॅन सरळ होता. जगाचा मोठा नकाशा, देशाला आकड्याप्रमाणे रंग, आजूबाजूला दहाएक पॅनल. आकड्यांसाठी वर्ल्ड प्रिझन ब्रीफ, लंडनच्या बर्कबेकमधली संस्था हे चालवते आणि जवळपास सगळ्या देशांचं एका जागी मिळतं. त्यांच्या २०२४ च्या यादीत जगभर मिळून १ कोटी ९ लाख ९० हजारांच्या आसपास कैदी आहेत, आणि ज्यांचे आकडे मिळत नाहीत ते धरले तर १ कोटी १५ लाखांच्या वर. अमेरिका १८ लाख, चीन १६ लाख ९० हजार, ब्राझील ८ लाख ४० हजाराच्या आसपास, मग भारत ५ लाख ७३ हजार, मग रशिया ४ लाख ३३ हजार. चीनच्या आकड्यात फक्त शिक्षा झालेले आहेत, खटला व्हायचे बाकी असलेले नाहीतच, त्यामुळे पहिला नंबर नक्की कुणाचा हे छातीठोक लिहू नका.

उत्तर कोरिया आणि एरिट्रियाचा आकडाच नाही. ते देश पांढरे ठेवले तर बघणाऱ्याला वाटतं तिथे कैदीच नाहीत, म्हणून तिरप्या रेघा मारल्या.

९ जानेवारी

नकाशा रद्द. डिझाइनवाल्या पोराला दिलेले ९०० रुपये गेले.

झालं असं की आम्ही लोकसंख्येमागे कैदी हा आकडा घेऊन रंग भरले. जगाची सरासरी दर लाखामागे १४० च्या आसपास, अमेरिका पाचशेच्या वर, एल साल्वादोर तर हजाराच्या वर, म्हणजे शंभरातला एक माणूस आत. आणि भारत? ४१. नकाशावर भारत एकदम फिक्का, नॉर्वे-डेन्मार्कपेक्षाही फिक्का. सर म्हणाले, "हा नकाशा बघून माणूस म्हणेल आपल्याकडे काही प्रॉब्लेमच नाही." पण त्याच भारताच्या जेलमध्ये २०२२ च्या शेवटी शंभर जागांमागे १३१ माणसं होती. उलट अमेरिकेत एवढे कैदी असून देशाची सरासरी शंभरच्या आत, कारण त्यांनी तेवढी बांधून ठेवलीत.

म्हणजे किती लोकांना कोंडलंय हा एक प्रश्न आणि कोंडलेल्यांना जागा किती हा वेगळाच प्रश्न, आणि दोन्हींचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. दोन नकाशे शेजारी लावून बघितले, वाचनालयात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरांना दाखवले, सगळ्यांनी दोन्हींची खिचडी केली. एकाने तर विचारलं की मग अमेरिका चांगली का वाईट. आमचा विषय गर्दी आहे, तर गर्दीच दाखवायची असं ठरलं आणि लाखामागचा आकडा एका छोट्या पॅनलवर गेला.

१२ जानेवारी

आज दिवसभर शीट. भारतासाठी एनसीआरबीचा, म्हणजे गुन्ह्यांची आणि जेलची आकडेवारी काढणाऱ्या केंद्राच्या खात्याचा, प्रिझन स्टॅटिस्टिक्स रिपोर्ट, आम्ही केलं तेव्हा २०२२ चाच मिळत होता. एक तांत्रिक गोष्ट लिहून ठेवतो कारण तिने अख्खी दुपार खाल्ली. पीडीएफमधून आमच्या फुकटच्या टूलने काढलेले आकडे शीटमध्ये पेस्ट केले तर बेरीज शून्य यायला लागली. ५,७३,२२० मधला लाखाचा स्वल्पविराम शीटला कळत नाही, ती त्याला आकडा न समजता मजकूर समजते. शीटच्या सेटिंगमध्ये देश भारत करा, किंवा फाइंड-रिप्लेसने सगळे स्वल्पविराम आधी उडवा, मग पेस्ट करा. टोटल रिपोर्टमधल्या टोटलशी जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जुळलेले आकडे असे. ३१ डिसेंबर २०२२ ला देशात १,३३० जेल, क्षमता ४,३६,२६६, आत माणसं ५,७३,२२०. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकाल लागलेलाच नाही. चारातले तीन. क्षमतेच्या तुलनेत आतली माणसं, मागची वर्षं लावली तर २०१९ ला ११८.५ टक्के, २०२० ला ११८, २०२१ ला १३०.२, २०२२ ला १३१.४.

२०२० कडे बघून आमच्यातली एक म्हणाली की हे कोविडमुळे कमी दिसतंय, त्या वर्षी सोडले ना. मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टाने प्रत्येक राज्यात कुणाला सोडता येईल ते ठरवणारी हाय पॉवर कमिटी करायला लावली होती आणि पॅरोलवर, तात्पुरत्या जामिनावर बरेच जण सुटलेही. पण ३१ डिसेंबरला मोजलं तेव्हा आत ४,८८,५११ होते आणि आदल्या वर्षी ४,७८,६००, म्हणजे दहा हजार वाढलेच! टक्का वाढला नाही कारण तेवढ्यात क्षमताही वाढली. कोर्टं थंडावली, निकाल लागेनात, कच्चे कैदी ३ लाख ३० हजारांवरून ३ लाख ७१ हजारांवर गेले. वर्षातून एका दिवशी काढलेला फोटो आहे हा, मधल्या महिन्यांत काय झालं ते त्यात दिसत नाही.

म्हणून शीटमध्ये प्रत्येक देशापुढे तारखेचा वेगळा कॉलम घातला. इंग्लंड दर आठवड्याला आकडा देतं, फ्रान्स दर महिन्याच्या एक तारखेचा, आपण वर्षातून एकदा आणि तोही छापून यायला वर्षभर लागतं. काही देशांचा आकडा पाच-सहा वर्षं जुना. ज्यांचा २०१९ च्या आधीचा होता ते सरळ काढून टाकले.

१७ जानेवारी

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो भाजकाने. वरचा आकडा म्हणजे आत किती माणसं, तो साधारण बरोबर असतो, दिवसातून दोन-तीनदा गिनती होते. खालचा आकडा म्हणजे क्षमता, आणि ती कोण ठरवतं? बहुतेक ठिकाणी तेच खातं जे जेल चालवतं.

आर्थर रोडचं घ्या. मुंबई मध्यवर्ती कारागृह, क्षमता ८०४, हा आकडा कित्येक वर्षं बातम्यांत येतोय आणि आत तीन हजारांच्या वर माणसं. अलीकडच्या बातम्यांत क्षमता ९९९ दिसते. ३,२०० माणसं धरली तर जुन्या क्षमतेने ३९८ टक्के, नव्या क्षमतेने ३२०. एकही माणूस न हलता गर्दीचा टक्का ७८ अंकांनी कमी.

मग बाहेरच्या देशांत बघायला लागलो तर प्रत्येकाचा भाजक वेगळा.

इंग्लंडकडे दोन आहेत. एक म्हणजे नीट, माणसासारखं राहायला किती जागा, आणि दुसरा म्हणजे सुरक्षा न बिघडवता जास्तीत जास्त किती कोंबता येतील. पेपरात "जेल फुल" येतं ते दुसऱ्यावरून. कॅलिफोर्नियात मूळ डिझाइनची क्षमता म्हणजे एका कोठडीत एकच माणूस, त्या हिशेबाने तिथे ८० हजारांच्या आत जागा होत्या आणि दीड लाखाच्या वर माणसं गेली होती, तेव्हा २०११ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १३७.५ टक्क्यांवर आणा हा आदेश कायम केला. गंमत बघा, ज्या १३७ वर त्यांना आणायचं होतं त्याच्या खालीच आपण २०२२ ला १३१ वर होतो, म्हणजे आपण त्यांच्यापेक्षा सुटसुटीत? अजिबात नाही, त्यांची १०० म्हणजे एका कोठडीत एकच माणूस आणि आपली १०० म्हणजे बराकीत एकाशेजारी एक.

फिलिपिन्सने तर आमची शीटच बिघडवली. तिथल्या जेलमध्ये गर्दी भयानक आहे हे खरंच, २०१६ नंतर ड्रगविरोधी मोहिमेत इतके उचलले की केझॉन सिटीच्या आठशेच्या जेलमध्ये चार हजारांच्या आसपास माणसं होती, जिन्यात, बास्केटबॉलच्या कोर्टवर, पाळीपाळीने झोपायची. पण तिथलं खातं जो कंजेशन रेट सांगतं तो क्षमतेच्या वरचा असतो, म्हणजे ३०० टक्के लिहिलं तर चौपट माणसं, तिप्पट नाही. आम्ही तो थेट ऑक्युपन्सीच्या, म्हणजे क्षमतेच्या तुलनेत किती माणसं या कॉलममध्ये टाकला होता. सगळे मूळ सोर्स पुन्हा उघडून बघावे लागले, दोन संध्याकाळी त्यात गेल्या. कॉलमच्या डोक्यावर "क्षमतेच्या वर" का "क्षमतेच्या तुलनेत" हे स्पष्ट लिहाच. वर तिथला नियम माणशी ४.७ चौरस मीटर आणि आपल्या मॉडेल प्रिझन मॅन्युअलमध्ये, म्हणजे केंद्राच्या जेलसाठीच्या नमुना नियमावलीत, बराकीत माणशी ३.७१. त्यांनी आपलं माप लावलं तर एकही माणूस न सोडता त्यांचा टक्का पाचव्या हिश्शाने उतरेल.

एल साल्वादोरने भाजक मोठा करायचा रस्ता घेतला. मार्च २०२२ ला आणीबाणी लावली, तिथून ८० हजारांच्या वर लोक उचलले, आणि २०२३ ला सेकोट नावाचं नवं जेल उघडलं, सरकार म्हणतं ४० हजार माणसांचं. कागदावर ४० हजार जागा वाढल्या की देशाचा टक्का आपोआप खाली. आत माणशी किती जागा आहे ते सरकारी आकड्यात नाही.

हैतीत उलटं. मार्च २०२४ ला टोळ्यांनी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या मुख्य जेलवर हल्ला केला आणि तीन हजारांहून जास्त कैदी पळाले, जेल जवळपास रिकामं. त्यानंतरचा टक्का बघितला तर वाटेल तिथे सुधारणा झाली.

शीटमध्ये टक्के लिहून ते एकाखाली एक लावायचे आणि पहिल्या दहा देशांची यादी करायची हा प्लॅनही यानंतर गेला. अशी यादी करता येते, इंटरनेटवर भरपूर आहेत, पण तिला काही अर्थ नाही.

२१ जानेवारी

टक्क्यांऐवजी जागाच दाखवायची. फरशीवर, खऱ्या मापात, माणूस त्यात उभा राहू शकेल अशी. कल्पना सरांची. म्हणाले वर्गात पोरांना हेक्टर कधीच कळला नाही, मैदानावर चुन्याने आखून दाखवला तेव्हा कळला.

मापं गोळा केली. युरोपची छळविरोधी समिती म्हणते एकट्याच्या कोठडीत ६ चौरस मीटर, एकत्र राहणार असतील तर माणशी ४. स्ट्रासबर्गचं मानवी हक्क कोर्ट म्हणतं ३ च्या खाली गेलात तर आम्ही गृहीत धरू की अमानुष वागणूक आहे, नाही हे सरकारने सिद्ध करायचं. २०१३ ला इटली याच ३ वर हरला, २०१६ ला क्रोएशियाच्या केसमध्ये कोर्टाने ते पक्कं केलं. आपलं मॅन्युअल बराकीत ३.७१, कोठडीत ८.९२.

हे ३.७१ असं विचित्र का, यावर आम्ही बराच वेळ घालवला. मग चौरस फुटात करून बघितलं तर बरोबर ४० चौरस फूट निघालं, आणि ८.९२ म्हणजे ९६. फुटाचं गोल माप नंतर मीटरमध्ये गेलेलं दिसतंय. आणि हॉलच्या फरश्या दोन बाय दोनच्या! एक फरशी चार चौरस फूट, म्हणजे एका कैद्याची नियमाने जागा बरोबर दहा फरश्या. टेप मापायची गरजच नाही, फरश्या मोजल्या की झालं.

आपल्याकडे मीटरमध्ये जागा कुणाला कळत नाही, फ्लॅट घेताना सगळे चौरस फुटातच बोलतात, त्यामुळे सगळी पॅनल फुटात करायची ठरली. युरोपची ४ म्हणजे ४३ फूट, कोर्टाची ३ म्हणजे ३२.

२५ जानेवारी

मास्किंग टेप लावून ट्रायल घेतली. रोल ५० रुपयांचा, सहा आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडूवाल्या मावशींनी ओल्या फडक्याने पुसलं आणि निम्मी टेप फडक्याबरोबर गेली, उरलेली काढताना गोंद फरशीवर राहिला. मावशी जाम चिडल्या आणि बरोबरच होतं. तो गोंद थिनरने निघतो पण पॉलिश जातं, खोबरेल तेल लावून पाऊण तास ठेवलं की निघतो आणि पॉलिशला काही होत नाही. हा मावशींचाच उपाय.

खडूने आखलं तर चपलांनी पुसतं. मार्किंगची पीव्हीसी टेप, फॅक्टरीत फ्लोअरवर पिवळी असते ती, हार्डवेअरमध्ये १४० रुपये रोल मिळाली. टिकते, ओलं फडकं चालतं, काढताना अख्खी निघते. तीच घ्या, पैसे वाचवू नका.

१ फेब्रुवारी

आज आखणी आणि त्यावरून वाद.

युरोपचा चौकोन, कोर्टाचा चौकोन, आपल्या मॅन्युअलचा चौकोन, हे तिन्ही नियमाचे, त्यात भांडण नाही. प्रश्न प्रत्यक्षातल्या जागेचा. लॉवाल्यांचं म्हणणं ४० ला १.३१४ ने भागा, साडेतीस फूट येतात, तो भारताच्या सरासरीचा चौकोन. सर म्हणाले नाही, क्षमता ठरवताना ४० फुटाचाच नियम लावला होता असं कुठे लिहिलंय? ब्रिटिशांच्या काळातली इमारत, मागून वाढवलेल्या बराकी, क्षमता कधीतरी कुणीतरी लिहिलेली. दोघांचंही बरोबर. शेवटी चौकोन आखला पण त्यावर "हिशेबी जागा" असं लिहिलं आणि हिशेब कसा केला ते खाली दोन ओळीत.

आर्थर रोडचे दोन चौकोन शेजारी शेजारी. ३,२०० माणसं धरून ८०४ च्या क्षमतेने माणशी १० फूट, अडीच फरश्या. ९९९ च्या क्षमतेने साडेबारा फूट, तीन फरश्या आणि वर थोडी. माणूस नुसता आडवा झाला तरी सहा बाय दोन म्हणजे १२ फूट लागतात. म्हणजे जुन्या हिशेबात माणूस झोपूच शकत नाही आणि नव्या हिशेबात झोपू शकतो पण कूस बदलू शकत नाही. दोन्ही चौकोन पिवळ्या टेपचे, एकाच जेलचे, त्याच माणसांचे. भाजकाबद्दल आम्ही पॅनलवर दोन परिच्छेद लिहिले होते, ते काढून टाकले, हे दोन चौकोन पुरतात.

राज्याची सरासरी वेगळी आखली नाही. महाराष्ट्रात २०२२ ला साधारण पंचवीस हजार जागांत चाळीस हजारांच्या वर माणसं होती, पण त्यात खुली कारागृहंही येतात आणि तिथे जागा शिल्लक असते. देशाचंही तेच, एकूण १३१ असली तरी जिल्हा कारागृहं दीडशेच्या वर, तमिळनाडू शंभरच्या आत आणि दिल्ली १८० च्या पुढे. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत आहे, १९३९ पासूनची, औंध संस्थानने काढलेली, कैदी कुटुंबासकट राहून शेती करतात. तिथली रिकामी जागा आर्थर रोडच्या सरासरीत मिसळून काय मिळणार.

काँगोची राजधानी किन्शासा, तिथलं मकाला जेल आखायचंच होतं. पंधराशेंसाठी बांधलेलं, आत बारा हजारांच्या वर. सप्टेंबर २०२४ ला तिथून पळायच्या प्रयत्नात निदान १२९ माणसं मेली, बरीच चेंगराचेंगरीत. पण माणशी मूळ जागा किती धरायची याला आधारच नाही, म्हणून चौकोन नाही, नुसतं पॅनल. असं सोडून देणं जड गेलं कारण सगळ्यात जास्त परिणाम त्याचाच झाला असता.

६ फेब्रुवारी

ओळखीतले एक काका जेल खात्यात शिपाई होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. त्यांना फरशी दाखवायला आणलं. बघून म्हणाले, "झोपायला जागा होतेच हो कशीतरी, पोरं पायाकडे डोकं करून झोपतात. पाळी लागते ती संडासला. सकाळी बराक उघडली की भांडण तिथं." आमच्या सगळ्या हिशेबात संडास नव्हता. एक चौकोन त्याचा आखावा म्हटलं पण माणसामागे किती हे खात्रीने सांगणारा आकडा आमच्याकडे नाही, मग काकांचं वाक्यच पॅनलवर घेतलं, नाव न घालता, त्यांना विचारून.

त्यांना विचारलं गर्दी कशाने कमी होईल, नवीन जेल बांधून? हसले. म्हणाले बांधलं की भरतं. जामीन झालेलीच पोरं आत बसलेली असतात, जामीनदार नाही, सातबारा नाही, पंधरा हजाराचा बाँड नाही.

यावरून एक पॅनल बदललं. आधी त्यावर नुसते कच्च्या कैद्यांचे आकडे होते. आता असं आहे: सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलं की जामीन होऊन महिन्यात बाँड भरला गेला नाही तर कोर्टाने स्वतःहून अट सैल करायचा विचार करावा. त्याच वर्षी केंद्राची गरीब कैद्यांसाठी योजना आली, कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत. फौजदारी खटले कसे चालवायचे याचा नवीन कायदा, म्हणजे नागरिक सुरक्षा संहिता, तिचं कलम ४७९, पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेला असेल आणि जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत गेला असेल तर बाँडवर सोडायचं, जन्मठेप-फाशीचे गुन्हे सोडून, आणि एकाहून जास्त केसेस चालू असतील तर हे लागू नाही. ऑगस्ट २०२४ ला कोर्टाने म्हटलं की हे जुन्या केसेसनाही लागू. अर्ज जेल अधीक्षकाने कोर्टाला करायचा असतो, नातेवाईकांनी तिथे विचारायचं. हे पॅनल मोठ्या अक्षरात, दाराजवळ, कारण बघायला येणाऱ्यांत कुणाला खरंच उपयोग असला तर याचाच आहे.

वर्षाला पंधरा लाखांहून जास्त माणसं आपल्या जेलमध्ये शिरतात. म्हणजे ५ लाख ७३ हजार हा साचलेला आकडा, वाहणारा त्याच्या अडीचपटीहून जास्त. माणूस सरासरी आठ दिवस लवकर सुटला तरी साचलेलं कमी होतं. हे चित्रात कसं दाखवायचं ते जमलं नाही, सोडून दिलं.

१३ फेब्रुवारी

इतर देशांनी काय केलं याचं एक पॅनल, भरभर उरकलं. इंग्लंड-वेल्समध्ये ६ सप्टेंबर २०२४ ला ८८,५२१ कैदी झाले, तिथला उच्चांक, आणि १० तारखेला बऱ्याच कैद्यांची निम्म्याऐवजी ४० टक्के शिक्षा झाली की सोडायला सुरुवात केली, पहिल्याच दिवशी सतराशेच्या आसपास सुटले. नेदरलँड्समध्ये उलट जेल रिकामी पडली, तर बेल्जियमने आणि नंतर नॉर्वेने तिथली भाड्याने घेतली. डेन्मार्कने कोसोव्होत ३०० कोठड्यांचा करार केलाय. जपानमध्ये २००६ ला ८० हजार होते, आता त्याच्या निम्म्यावर, आणि त्यातले बरेच म्हातारे.

फ्रान्सला मात्र मोठी जागा दिली. डिसेंबर २०२४ ला ८० हजारांच्या वर कैदी आणि ६२ हजार जागा, हे नेहमीचं. पण ते दर महिन्याला आणखी एक आकडा छापतात, किती कैदी जमिनीवर गादी टाकून झोपतात. चार हजारांच्या वर. याला भाजक नाही, क्षमता बदलून तो कमी करता येत नाही, गादी जमिनीवर आहे किंवा नाही. आमच्या मते अख्ख्या शीटमधला सगळ्यात प्रामाणिक कॉलम. आपल्याकडे हा आकडा काढून उपयोग नाही कारण बराकीत बहुतेक सगळेच जमिनीवर.

१८ फेब्रुवारी

फ्लेक्स आले, १२ रुपये फुटाने, एकूण २,३०० रुपये. एका पॅनलवर ५,७३,२२० चं ५७,३२२ छापलं गेलंय. फाइलमध्ये बरोबर आहे, दुकानदाराच्या फॉन्टमध्ये उघडताना गडबड झाली. पुन्हा छापायला २०० रुपये. मराठी फाइल नेहमी पीडीएफ करून द्या आणि छापायच्या आधी दुकानात उभं राहून आकडा न आकडा वाचा.

उद्या शिवजयंतीचा कार्यक्रम हॉलमध्ये आहे, त्यामुळे फरशीवर काही आखता येत नाही, सगळं २२ च्या रात्री करायचं.

२३ फेब्रुवारी

झालं एकदाचं. सकाळी शुकशुकाट, मग शेजारचा क्लास सुटला आणि पोरं घुसली, आर्थर रोडच्या चौकोनात किती मावतात याची स्पर्धा सुरू केली. आधी थांबवणार होतो, मग म्हटलं करू देत.

एक गृहस्थ तावातावाने म्हणाले, गुन्हेगारांना फाइव्ह स्टार द्यायचं का आता? लॉवालीने चारातले तीन कच्चे हे पॅनल दाखवलं. ते म्हणाले पोलीस उगाच कुणाला उचलत नाहीत. मग थोडा वेळ ४० फुटाच्या चौकोनात उभे राहिले आणि म्हणाले हे तर ठीक आहे की. ठीकच आहे, आम्हीही तेच म्हणतोय, नियम ठीक आहे.

सगळ्यात भारी प्रश्न एका बांधकाम ठेकेदाराचा. टेप काढून चौकोन मोजला आणि विचारलं, "ही जागा कार्पेट का बिल्ट-अप?" आम्ही हसलो पण मग शोधायला लागलो. युरोपची ४ मीटर संडास सोडून आहे, म्हणजे कार्पेट. आपल्या ४० फुटात काय धरलंय ते पॅनलवर कुठेच नव्हतं, कारण आम्हाला कुणालाच तो प्रश्न पडला नव्हता. युरोपच्या चौकोनाखाली पेनाने "संडास सोडून" लिहिलं.

कलम ४७९ च्या पॅनलचा फोटो बऱ्याच जणांनी काढला. एक बाई परत येऊन विचारून गेल्या की अर्ज मराठीत चालतो का. लॉवालीने त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात सोबत यायचं कबूल केलंय.

२५ फेब्रुवारी

हिशेब. फ्लेक्स २,५००, पीव्हीसी टेप ११ रोल १,५४०, वाया गेलेली मास्किंग टेप ३००, वाया गेलेला नकाशा ९००, खोबरेल तेल ८०, चहा-नाश्ता ७५०, रिक्षा-टेम्पो ६००. एकूण ६,६७०. नकाशा आणि मास्किंग टेप टाळली असती तर साडेपाच हजारात होतं. वेळ मात्र निम्मा भाजकात गेला आणि तो कुणाचाच वाचेल असं वाटत नाही, प्रत्येक देशाचा क्षमतेचा अर्थ स्वतःच शोधावा लागतो.

पुढच्या महिन्यात शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजने बोलावलंय. सर जाऊन हॉल बघून आले. तिथल्या फरश्या सोळा इंची आहेत, म्हणजे ४० फुटाला साडेबावीस फरश्या, मोजून आखणं जमणार नाही. फुटपट्टी आणि दोरी घेऊन जावं लागेल.